हरिश्चंद्रगडाची चढण आणि उतरण

देव डोंगरावर कां बसतो, या प्रश्नाचें उत्तर आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायका फार सोपें देत: माणसानें चालावें म्हणून. जेजुरीचा खंडोबा घ्या, वणीची सप्तशृंगी घ्या, कीं महाराष्ट्रांतील सर्वांत उंच अशा १६४६ मीटरांच्या माथ्यावर बसलेली कळसूबाई घ्या. दर्शन घडण्याआधीं पाय दुखले पाहिजेत, श्वास लागला पाहिजे आणि वाटेंत निदान एकदां तरी परत फिरावें असें मनांत आलें पाहिजे, असा जणूं नियमच आहे. ज्यास आज तरुण मंडळी गिर्यारोहण किंवा ट्रेकिंग म्हणतात आणि ज्याची गणना खेळांत होते, तें आमच्या आज्या-पणज्या नऊवारीचा पदर खोंचून, अनवाणी पायांनीं करीत आल्या. भेद एवढाच कीं, त्या त्यास खेळ म्हणत नसत, आणि हे त्यास यात्रा म्हणत नाहींत.

हा भेद खरोखर केवढा आहे, हें पाहण्याचा योग आम्हांस गेल्या आश्विनांत आला. तो प्रसंग आमच्या घरचा असला, तरी त्यांतील प्रश्न आज पुष्कळ घरांत उभा आहे, म्हणून येथें सांगतों.

आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधू, ज्यांस घरांत लहानमोठे सारे अण्णा म्हणतात, ते सदुसष्ट वर्षांचे. त्यांचा नित्यनेम कधीं चुकलेला आम्हीं पाहिला नाहीं. सर्वांत धाकट्या बंधूंचा मुलगा बावीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वीं त्याची आई, म्हणजे आमची धाकटी भावजय, दीर्घ दुखण्यानें गेली. त्या दुखण्यांत औषधोपचारांबरोबर घरांत अनुष्ठानें झालीं, नवस बोलले गेले, आणि ती गेली. त्या दिवसापासून मुलानें देवघराचा उंबरा ओलांडला नाहीं. तो कोणास उलटून बोलला नाहीं. आरतीची घंटा वाजली कीं शांतपणें बाहेर ओट्यावर जाऊन बसे. आणि रविवार उजाडला कीं पाठीवर पिशवी टाकून सह्याद्रींत नाहींसा होई.

आत्याबाई म्हणत, "पोर देवाला पाठ दाखवून डोंगर धुंडतें आहे." अण्णा कांहींच म्हणत नसत. मात्र गणपति विसर्जन झाल्यावर एके दिवशीं जेवतां जेवतां त्यांनीं पुतण्यास विचारलें, "काय रे, मला हरिश्चंद्रगडावर नेशील? केदारेश्वर पाहावयाचा राहून गेला आहे."

मुलानें घास हातांतच ठेवून त्यांच्याकडे पाहिलें. "नेईन. पण अण्णा, डोंगरावर तुम्हांला माझें ऐकावें लागेल."

"ऐकेन," अण्णा म्हणाले.

त्यानंतर तीन आठवडे रोज पहाटे त्यानें अण्णांस पर्वतीच्या पायऱ्या चढविल्या. पहिले आठ दिवस रिकाम्या हातांनीं, पुढें पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या देऊन. चढतांना बोलतां आलें पाहिजे, बोलतांना धाप लागली तर चाल जलद आहे असें समजावें, हा त्याचा पहिला धडा. अण्णांनीं तो विद्यार्थ्याप्रमाणें पाळला. घरांतील बायका हें कौतुकानें पाहत होत्या. आत्याबाई मात्र धास्तावल्या होत्या. निघण्याच्या आदल्या रात्रीं त्यांनीं ओल्या फडक्यांत गुंडाळलेलीं बेलाचीं पानें आणि कापराची डबी आणून पुतण्याच्याच पुढ्यांत ठेविली. त्यानें कांहीं न बोलतां ती पुरचुंडी आपल्या पिशवींत, पाण्याच्या बाटलीशेजारीं नीट बसविली.

हरिश्चंद्रगड अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या अकोलें तालुक्यांत आहे. पुणें, ठाणें व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथें एकमेकींस भिडतात, त्या भागांत माळशेज घाटाच्या उत्तरेस हा प्रचंड डोंगर पसरला आहे. त्याची उंची सुमारें १४२० मीटर. तारामती, रोहिदास व हरिश्चंद्र हीं त्याच्या शिखरांचीं नांवें. सत्यासाठीं राज्य, पत्नी व पुत्र यांचा वियोग सोसणाऱ्या राजाचें सारें कुटुंब येथें पाषाणरूपानें पुन्हां एकत्र आलें आहे, असें गांवकरी सांगतात. डोंगराचा खडक काळा बसाल्ट, म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरावर थर निवून झालेला. या थरांमुळेंच सह्याद्रीला ते पायऱ्यापायऱ्यांचे कडे आले आहेत. १९८६ सालापासून हा सारा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो.

गडावर जाण्यास वाटा अनेक. अकोल्याकडून पाचनई गांवची वाट सर्वांत सोपी. कोंकणाच्या बाजूनें नळीची वाट म्हणून आहे, ती केवळ कसलेल्या माणसांची. आम्हीं धरली ती जुन्नर तालुक्यांतील खिरेश्वराची, तोलार खिंडीची वाट. पुण्याहून नारायणगांव, आळेफाटा करून माळशेजच्या रस्त्यानें खुबी फाट्यास उतरावें, आणि पिंपळगांव जोगें धरणाच्या बांधावरून खिरेश्वरास जावें. पाचनईची सोपी वाट कां नको, असें आम्हीं विचारलें होतें. मुलगा म्हणाला, "अण्णांना नुसता देव पाहावयाचा असता तर तिकडून नेलें असतें. त्यांना वाट पाहावयाची आहे." हें त्यानें कशावरून ताडलें, कोण जाणे, परंतु अण्णांनीं तें नाकारलें नाहीं.

खिरेश्वरांत नागेश्वराचें प्राचीन देऊळ आहे. तेथें नमस्कार करून, गांवांतील एका प्रौढ महादेव कोळी गृहस्थांस वाटाडे म्हणून घेऊन आम्ही दिवस उगवतां निघालों. मंडळी पांच: अण्णा, पुतण्या, आमची कन्या, वाटाडे आणि आम्ही. निघतांनाच क्रम ठरला. सर्वांत पुढें वाटाडे, त्यांच्यामागें अण्णा, सर्वांत दणकट तो पुतण्या शेवटीं. जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या चालीनें साऱ्यांनीं चालावयाचें, असा या खेळाचा नियम आहे. सशक्त माणूस पुढें गेला तर त्यास आपण फार चाललों एवढेंच कळतें. तो मागें राहिला तर कोणाचा पाय अडखळतो हें त्यास दिसतें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस या नियमाचा अर्थ अधिक उकलून सांगण्याची गरज नाहीं.

पाऊस सरला होता, पण ओल सरली नव्हती. गवत कमरेइतकें, त्यांत सोनकीचीं पिवळीं फुलें, आणि दोहों बाजूंस कारवीचें रान. ही कारवी सात वर्षांतून एकदां फुलते आणि बीं धरून वाळून जाते. यंदा तिची पाळी नव्हती. पण तिच्या लवचीक दांड्यांचा आधार चढतांना आम्हांस पुष्कळ झाला. तासा-दीड तासानें तोलार खिंड आली. खिंडींत वाघाचें कोरीव शिल्प आहे. वाटाड्यांनीं पायांतलें काढून त्यास हात जोडले, अण्णांनींही जोडले. पुतण्या बाजूस उभा राहून पाणी प्याला.

खिंडीच्या वर खडकाचा एक उभा टप्पा आहे. आतां तेथें लोखंडी कठडे बसविले आहेत, तरीही ओला खडक तो ओला खडक. अण्णा त्याच्या पायथ्याशीं थांबले आणि त्यांनीं वर पाहिलें. वाटाडे म्हणाले, "घाई नका करू, बाबा. गड कुठं पळून जात नाही."

येथें पुतण्यानें अण्णांस जो पाठ दिला, तो आम्ही शक्य तितका त्याच्याच शब्दांत देतों.

"अण्णा, दोन हात आणि दोन पाय असे तुमचे चार आधार. त्यांतले तीन नेहमीं पक्के हवेत. एका वेळीं एकच हलवायचा. पाय ठेवण्याआधीं दगड चांचपा. हलतो आहे असें वाटलें तर तो सोडून द्या आणि दुसरा पाहा. त्यांत कमीपणा नाहीं. पण एकदां पक्का ठरला कीं त्याच्यावर पुरता भार द्या. भीतीनें अर्धाच भार दिला तर पाय घसरतो. आणि खडकाला मिठी मारूं नका. मिठी मारली कीं सुरक्षित वाटतें, पण भार पायांवरून सरकतो आणि पायच निसटतात. शरीर सरळ ठेवा."

अण्णांनीं हें सारें ऐकलें. मग अगदीं हळू, एकेक आधार चांचपीत ते चढूं लागले. एक दगड त्यांच्या पायाखालीं डगमगला, तो त्यांनीं सोडला. दुसरा चांचपला, क्षणभर थांबले, आणि मग त्यावर निश्चयानें उभे राहिले. वीस-पंचवीस मिनिटांनीं आम्ही सारे वर पोहोंचलों. घाम पुसतां पुसतां अण्णा म्हणाले, "पोथ्या वाचण्यांत माझा जन्म गेला, पण श्रद्धा म्हणजे काय हें इतक्या थोडक्यांत मला कोणी सांगितलें नव्हतें."

"मी श्रद्धेविषयीं बोलत नव्हतों, अण्णा," मुलगा म्हणाला.

"ठाऊक आहे मला," अण्णा म्हणाले, आणि तो विषय त्यांनीं तेथेंच सोडला.

त्या दिवशीं वाटेनें आम्ही त्या बोलण्याचाच विचार करीत होतों. श्रद्धा म्हणजे डोळे मिटून टाकलेलें पाऊल, असा आपल्या सुशिक्षितांचा समज. आणि चांचपून पाहणें म्हणजे अश्रद्धा, असा आपल्या भाविकांचा. डोंगर या दोघांसही खोटें पाडतो. न चांचपतां टाकलेलें पाऊल ही श्रद्धा नव्हे, तो निष्काळजीपणा होय; आणि चांचपून झाल्यावरही अर्धाच भार देणें ही चिकित्सा नव्हे, ती भीति होय. तिसरी गोष्ट याहूनही सूक्ष्म. भयानें खडकाला कवटाळणारा माणूस वरकरणीं सर्वांत निष्ठावंत दिसतो, पण घसरतो तोच. आपल्यापैकीं कितीजण देवास असें कवटाळून असतात, हें ज्याचें त्यानें पाहावें.

खिंडीपासून देवळापर्यंतची वाट रानांतून, लहानमोठ्या टेकड्या चढत उतरत जाते. प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर आतां देऊळ दिसेल असें वाटतें आणि पुढें आणखी एक टेकडी दिसते. दुपारीं आम्ही हरिश्चंद्रेश्वराच्या प्रांगणांत उतरलों. हें देऊळ पाहिल्यावर थकवा विसरला जातो. काळ्या पाषाणाचें, उंच शिखराचें, नखशिखांत कोरलेलें असें हें मंदिर अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराचें मानतात. भोंवतीं खडकांत खोदलेल्या गुहा; पूर्वेस पुष्करिणी, तिच्या कांठाशीं देवकोष्ठांची ओळ. योगी चांगदेवांनीं येथें तप केलें व 'तत्त्वसार' हा ग्रंथ येथेंच रचिला अशी परंपरा आहे. त्यांचें नांव येथील शिलालेखांतही आढळतें. ज्यांच्या सिद्धीचा गर्व ज्ञानदेवादि भावंडांच्या भेटींत गळाला अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतों, ते चांगदेव या निर्जन पठारावर बसून लिहीत आहेत, हें चित्र डोळ्यांपुढें आणून अण्णा बराच वेळ पायरीवर बसले होते.

देवळाच्या उजव्या अंगास थोडें खालीं केदारेश्वराची गुहा. आंत मधोमध सुमारें पांच फुटांचें शिवलिंग, आणि त्याच्या सभोंवार कमरेइतकें बर्फासारखें थंड पाणी. प्रदक्षिणा घालावयाची तर पाण्यांतूनच. लिंगाच्या चार कोपऱ्यांस चार खांब होते; त्यांपैकीं आज एकच अखंड आहे. हे चार खांब म्हणजे चार युगें. सत्य, त्रेता व द्वापर सरले तसे तीन खांब मोडले, कलियुग सरेल तेव्हां चौथाही मोडेल आणि जगाचा अंत होईल, अशी कथा वाटाड्यांनीं सांगितली.

अण्णा पाण्यांत उतरले. तळ निसरडा, म्हणून पुतण्याही उतरला आणि त्यानें त्यांचा दंड धरला. दोघांची प्रदक्षिणा फार मंद चालली होती. ती पुरी झाल्यावर अण्णांनीं बेलाची पुरचुंडी मागितली. कन्येनें ती पिशवींतून काढून दिली. थंडीनें अण्णांचे हात कांपत होते, आणि लिंगाच्या माथ्यापर्यंत ते पोहोंचत नव्हते. "तूं ठेव," ते म्हणाले. मुलाची उंची अधिक. त्यानें पानें वाहिलीं. हात जोडले नाहींत. अण्णांनीं तिकडे पाहिलेंही नाहीं. ते डोळे मिटून पुटपुटत होते.

बाहेर उन्हांत अंग शेकतांना पुतण्या एकाएकीं म्हणाला, "अण्णा, ती खांबाची गोष्ट खरी नाहीं. ती गुहा बांधलेली नाहीं, कोरलेली आहे. छत, भिंती, खांब सारें एकाच खडकाचें. तें छत त्या एका खांबावर उभें नाहीं. तीन मोडले तरी पडलें नाहीं, तें डोंगरानें धरलें आहे म्हणून."

अण्णा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "आपल्या घराचा एक खांब मोडला, बाळ. माझाही मोडला, ती मला लेकीसारखी होती. मी रोज सकाळीं देवापुढें बसतों, तो खांब परत मागावयास बसत नाहीं. छत अजून कोणी धरलें आहे, हें पाहावयास बसतों."

मुलगा दगडावरचें शेवाळ बोटानें खरवडीत राहिला. त्याची आई गेल्यापासून त्या विषयावर त्या दोघांत झालेलें हें पहिलें बोलणें होतें. आम्ही व कन्या तेथून उठलों आणि पुष्करिणीकडे गेलों.

रात्र गडावर काढली. गांवकऱ्यांनीं देवळाजवळ घातलेल्या झोपडींत भाकरी, पिठलें व ठेचा यांचें जेवण मिळालें. अण्णांनीं त्या दिवशीं सोंवळ्याचा विचार केला नाहीं, आणि त्याबद्दल खुलासाही केला नाहीं. पहाटे आम्ही कोंकणकड्यावर गेलों. हा कडा गडाच्या पश्चिमेस आहे. कडा म्हणजे उभी भिंत अशी आपली कल्पना असते. हा तसा नाहीं. तो आंतल्या बाजूस वळलेला, एखाद्या प्रचंड वाटीचा अर्धा भाग उभा करून ठेवावा तसा आहे, आणि त्याच्या पायाशीं सारें कोंकण पसरलेलें. येथें कोणीही काठाशीं उभें राहूं नये. पालथें पडून, मागून कोणी पाय धरलेले असतांनाच खालीं डोकवावें. छायाचित्राच्या मोहानें कड्यांच्या टोकाशीं उभें राहून तरुण मुलें प्राणांस मुकतात, या वार्ता वाचकांनींही वाचल्या असतील.

या कड्याचें एक आश्चर्य इंद्रवज्र. सूर्य पाठीशीं असावा, समोर दरींत धुकें दाटलेलें असावें, म्हणजे त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या मस्तकाभोंवतीं रंगीत वर्तुळें उमटतात. कर्नल साइक्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या हवामानासंबंधींच्या आपल्या १८३५ सालच्या निबंधांत या गडावरील अशा दृश्याची नोंद केली आहे. स्कॉटलंडांतील बेन नेव्हिस पर्वतावर १८९४ सालीं असेंच दृश्य पाहून विल्सन या शास्त्रज्ञास तें प्रयोगशाळेंत निर्माण करण्याची इच्छा झाली, आणि त्यांतून पुढें सूक्ष्म कणांचे मार्ग दाखविणारें उपकरण जन्मास आलें. त्याबद्दल त्यास १९२७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हें सारें पुतण्यानें सांगितलें. शेवटीं तो म्हणाला, "यांतली गंमत अशी कीं, चौघे शेजारीं उभे राहिले तरी प्रत्येकाला तीं वर्तुळें आपल्याच डोक्याभोंवतीं दिसतात. दुसऱ्याच्या सावलीला प्रभावळ दिसत नाहीं."

अण्णा मोठ्यानें हंसले. "म्हणजे मी भाविक म्हणून मला माझ्याच डोक्यामागें तेज दिसणार, आणि तूं बुद्धिवादी म्हणून तुला तुझ्याच."

"होय. आणि दोघांचेंही खरें," मुलगाही हंसला.

धुकें आलें, पण ऊन आलें नाहीं. नऊ वाजेपर्यंत वाट पाहून आम्ही उठलों. इंद्रवज्र आम्हांस दिसलें नाहीं. मागितलेलें नेमकें त्याच वेळीं मिळालें पाहिजे, असा डोंगराशीं करार नसतो.

आतां उतरण. चढण ही छातीची परीक्षा. उतरण ही गुडघ्यांची आणि त्याहून अधिक अवधानाची. चढतांना मन सावध असतें. उतरतांना काम झालें असें वाटून तें घरीं पोहोंचलेलें असतें, आणि शरीर मात्र अजून कड्यावर असतें. म्हणून या खेळांतील जाणती माणसें शिखर गांठणें याला अर्धाच प्रवास समजतात. खिंडीवरच्या खडकाच्या टप्प्याशीं येतांच पुतण्यानें क्रम पालटला. चढतांना तो सर्वांत मागें होता. आतां तो अण्णांच्या आधीं, त्यांच्या खालीं उतरला. उभ्या खडकावरून उतरावयाचें तर तोंड खडकाकडे हवें. अशा वेळीं पाय कोठें पडणार हें उतरणाऱ्यास दिसत नाहीं. खालीं उभा असलेल्यासच दिसतें.

"अण्णा, उजवा पाय खालीं. अजून. अजून चार बोटें. आहे दगड. मी पाहिला आहे, हलत नाहीं. द्या भार."

अण्णा भार देत. मग डावा पाय. मग पुन्हां उजवा. असें पाऊण तास चाललें. सदुसष्ट वर्षांचा, साऱ्या घरास वळण लावणारा पुरुष बावीस वर्षांच्या मुलाच्या शब्दावर, न दिसणाऱ्या दगडावर पाय ठेवीत होता. आणि तो मुलगा प्रत्येक दगड स्वतः चांचपल्यावांचून एकदांही 'आहे' म्हणाला नाहीं. खिंडींत पोहोंचल्यावर अण्णा त्या वाघाजवळ बसले आणि म्हणाले, "दर वेळीं मला स्वतःलाच कोठें पाहतां येतें? आपल्याआधीं जे उतरून गेले, त्यांनीं सांगितलें, 'येथें दगड आहे.' संतांचें काय, वाडवडिलांचें काय, एवढेंच तर म्हणणें."

मुलगा म्हणाला, "पण अण्णा, त्यांनीं तो चांचपला होता, हें आपल्याला कळायला हवें."

"हवेंच," अण्णा म्हणाले. "म्हणून तर तूं सांगितलेंस तेव्हां मीं पाय टाकला. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून टाकला नसता."

खेळांतून असे धडे मिळतात हें नवें नाहीं. २९ मे १९५३ रोजीं जगांतील सर्वोच्च शिखरावर प्रथम पोहोंचलेल्या दोघांपैकीं तेनसिंगनें तेथील बर्फांत खाऊ पुरून तो देवतांस अर्पण केला, आणि हिलरीनें सोबत्याकडून मिळालेला लहानसा क्रूस त्याच्याशेजारीं ठेविला. त्यांचे धर्म निराळे, पण माथ्यावर पोहोंचल्यावर हात कांहीं तरी ठेवावयास पुढें झाला, हें दोघांचें सारखें. आपल्याकडे गो. नी. दांडेकरांनीं (१९१६–१९९८) आयुष्यभर दुर्ग हिंडून मराठी घरांस त्यांची गोडी लावली, तीहि कांहीं केवळ व्यायामाची गोडी नव्हती. दगडावर पाय आणि दगडापुढें मस्तक, या दोन गोष्टी सह्याद्रींत एकमेकींस कधीं परक्या नव्हत्या.

घरीं परतल्यावर पुतण्या देवघरांत बसूं लागला काय, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर आम्ही येथें देत नाहीं. तें त्याचें त्याच्यापाशीं आहे. एवढें मात्र सांगतों कीं, आत्याबाईंनीं त्यास त्याविषयीं विचारणें सोडलें आहे, आणि पर्वतीच्या पायऱ्या दोघे अजून रोज पहाटे चढतात.

ज्यांच्या घरांत एखादें तरुण माणूस असें ओट्यावर जाऊन बसत असेल, त्यांनीं त्यास ओढून आंत आणण्यापूर्वीं एकदां त्याच्यासवें त्याच्या वाटेनें जाऊन पाहावें. गुडघे धड असतील तर खिरेश्वराची वाट, नसतील तर पाचनईची. पावसाळ्याच्या ऐन भरांत जाऊं नये; गांवचा वाटाड्या अवश्य घ्यावा व त्याचे पैसे चोख द्यावे; पाणी भरपूर न्यावें, आणि नेलेला कागद, बाटली, पिशवी परत आणावी, कारण देवाच्या दारांतील केराचे ढीग पाहून आम्हांस फार लाज वाटली. वाटेंत उपदेश करूं नये. चढतांना सर्वांत दुबळा असेल त्याच्या चालीनें चालावें. उतरतांना जो सशक्त असेल त्यानें खालीं राहून दुसऱ्याच्या पायाला दगड दाखवावा. आणि जो दगड आपण स्वतः चांचपला नाहीं, तो 'आहे' असें कोणासही, विशेषतः आपल्या मुलांस, सांगूं नये.